रिंगण, टोकन आणि ‘राजी’ : खेळातल्या सफाईचा इतिहास

१/
पनवेलहून गोव्याच्या दिशेने जाणारा महामार्ग पळस्पे ओलांडून शिरढोणजवळून पुढे सरकतो. समोर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका उभा असतो. हे गाव इतिहासात ओळखले जाते ते वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मस्थान म्हणून. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. या धाग्याचा विषय मात्र व्हिडिओ गेम हा आहे : पुण्यात घडलेला एक अ‍ॅक्शन गेम, त्याने जागवलेली पार्लरची आठवण आणि त्या आठवणीच्या तळाशी असलेली अंगकौशल्याची जुनी परंपरा. सुरुवात शिरढोणपासून करण्याचे कारण पुढे उलगडत जाईल.

२/
प्रथम एक संज्ञा. ‘स्टायलिश अ‍ॅक्शन’ या नावाने गेमचा एक प्रकार ओळखला जातो. शत्रूला हरवणे एवढेच त्यात पुरेसे नसते. कसे हरवले याचेही मोल होते. एकच फटका पुन्हा पुन्हा मारून जिंकणारा खेळाडू येथे सामान्य ठरतो. वेगवेगळे डाव एकमेकांत गुंफून, लय न तुटू देता जिंकणारा श्रेष्ठ ठरतो. यासाठी मराठीत फार पूर्वीपासून एक शब्द आहे : सफाई. डाव सफाईने बसला, उडी सफाईने मारली, पट्टा सफाईने फिरवला. हा शब्द आखाड्याभोवती उभ्या राहिलेल्या माणसांच्या तोंडचा आहे.

३/
फडके यांच्या आजोबांचे नाव अनंतराव. ते कर्नाळ्याचे किल्लेदार होते, असे चरित्रकार सांगतात. १८१८ मध्ये कर्नाळा इंग्रजांच्या हाती गेला. नातवाने मात्र इंग्रजांच्याच कचेरीत नोकरी धरली. पुण्यातील लष्करी हिशेबाच्या खात्यात ते कारकून होते. त्याच पुण्यात त्यांनी लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शस्त्रविद्या घेतली. लहुजी मातंग समाजातील आणि फडके ब्राह्मण. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात या दोघांना एकत्र आणणाऱ्या जागा फार थोड्या होत्या. तालीम ही त्यांतील एक होती.

४/
तालमीत विद्या कशी दिली जात असे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दांडपट्टा, तलवार, लाठी, कुस्ती यांपैकी काहीही पुस्तकातून येत नाही. वस्ताद करून दाखवतो, शागीर्द पाहतो, चुकतो, पुन्हा करतो. बाकीचे भोवती उभे राहून पाहत असतात आणि पाहणारेही शिकत असतात. कोणाचा हात कुठे अडला आणि कोणाचा पाय आधी उचलला गेला, याची चर्चा रिंगणाबाहेर चालते. कौशल्य एका शरीरात असले तरी त्याची पारख समूहाकडे असते.

५/
१८७९ च्या आरंभी फडके यांनी उठाव केला. त्यांचे साथीदार मुख्यतः रामोशी होते. फेब्रुवारीत धामारी येथे छापा पडला. मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले. पळस्पे म्हणजे शिरढोणचा शेजार. जुलैमध्ये फडके पकडले गेले. पुण्यात खटला चालून त्यांना एडनला धाडण्यात आले आणि तेथे १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. शाळेच्या पुस्तकात ही कथा येथे संपते. अंगकौशल्याच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा पुढचा भाग कायद्याच्या पुस्तकात आहे.

६/
उठावाच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, शस्त्रास्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. त्याआधी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला होता आणि १९११ च्या कायद्याने त्याची पकड मुंबई इलाख्यापर्यंत आली. जन्मानेच माणसाला संशयित ठरवणारा हा कायदा होता. रामोशी समाज आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. ‘विमुक्त’ हा शब्दच त्या कायद्याची खूण वागवतो. चपळ शरीर आणि हातातले शस्त्र या दोन्ही गोष्टी आता सरकारी नजरेखाली आल्या.

७/
पुढे अंगकौशल्याच्या दोन वाटा झाल्या. पहिली व्यायामशाळेची. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडतो. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट्टदादा देवधर यांनी त्याला नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. ही वाट सन्मानाची होती. तिला मैदान, गणवेश आणि प्रमाणपत्र मिळाले.

८/
दुसरी वाट रस्त्याची. डोंबारी, कोल्हाटी या भटक्या समाजांतील मुले-मुली ढोलकीच्या ठेक्यावर दोरीवरून चालत, बांबूच्या टोकावर तोल सांभाळत, हवेत कोलांट्या घेत. कौशल्य तितकेच अवघड होते, पण त्याला मिळालेले नाव वेगळे होते. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली, तिच्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे स्वीकारणेही बसवले. म्हणजे मैदानातील कोलांटी ही क्रीडा ठरली आणि चौकातील कोलांटी भीक. गेमच्या इतिहासात ही रेघ पुन्हा भेटणार आहे.

९/
आता जपानकडे वळू. १९७८ मध्ये ‘टाइटो’ कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. तोमोहिरो निशिकादो यांनी तो घडवला. १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’, १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’. १९८४ चा ‘कुंग-फू मास्टर’ आणि १९८७ चा ‘डबल ड्रॅगन’ यांनी हातघाईची लढाई पडद्यावर आणली : एकटा किंवा जोडीने चालत जायचे आणि समोर येणाऱ्या टोळ्यांना झोडपायचे. १९९१ मध्ये ‘कॅपकॉम’चा ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि दोन माणसे एकाच यंत्रासमोर खांद्याला खांदा लावून एकमेकांशी लढू लागली.

१०/
ही यंत्रे आपल्याकडच्या गल्लीपर्यंत पोहोचली, यामागे एक तांत्रिक कारण आहे. १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने तारांच्या जोडणीचा एक प्रमाण नमुना ठरवला. त्यामुळे लाकडी कपाट, पडदा आणि जॉयस्टिक तीच ठेवून आतला बोर्ड तेवढा बदलता येऊ लागला. जुना बोर्ड काढा, नवा खोचा, की नवा गेम तयार. यंत्र अख्खे आणण्याची गरज उरली नाही. बोर्ड एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरू लागले, नकली बोर्ड निघाले आणि परदेशात जुना झालेला गेम येथे नवा म्हणून झळकू लागला.

११/
१९९१ नंतर आयातीवरील बंधने सैल होत गेली आणि नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत-तालुक्यांत व्हिडिओ गेम पार्लर दिसू लागली. स्टेशनबाहेर, थिएटरजवळ, बाजाराच्या मागच्या गल्लीत. एक-दोन रुपयांत एक टोकन. यंत्राच्या आत छोट्या कळांची एक पट्टी असे. गेम किती अवघड ठेवायचा, एका नाण्यात किती जीव द्यायचे, हे मालक तिच्यावरून ठरवू शकत असे. धंद्याचे गणित सरळ होते. मुलगा जितका लवकर हरेल तितके पुढचे नाणे लवकर पडेल. हरल्यावर पडद्यावर ९ पासून उलटी मोजणी सुरू होई, ती खिसा चाचपण्यासाठी दिलेली वेळ होती.

१२/
या पार्लरचा अनभिषिक्त राजा होता १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवरून ‘कॅपकॉम’ने तो तयार केला. नायक जॅक टेनरेक. तरीही येथे कोणी त्याला मूळ नावाने ओळखले नाही. चार पात्रांपैकी सर्वांत चपळ पात्राचे नाव मुस्तफा कैरो. म्हणून अख्खा गेमच ‘मुस्तफा’ झाला. अमेरिकी कॉमिक, जपानी बोर्ड आणि देशी नाव. जगाच्या गेम-इतिहासात हे नामकरण क्वचितच नोंदले जाते. आपल्याकडे मात्र ‘मुस्तफा’ म्हटल्यावर एक पिढी चटकन मान वर करते.

१३/
या नामकरणात आणखी एक धागा आहे. त्या काळातील बोर्डांवर भारत दिसत असे तो बाहेरून पाहिलेला. ‘स्ट्रीट फायटर २’ मधील धालसीम हा भारतीय योगी : गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून अग्नी, रबरासारखे लांबणारे हातपाय. मुलांनी त्यालाही आपलेसे केले, कारण लांबून फटका मारता येणे हे उपयोगाचे होते. पण जवळचा वाटला तो मुस्तफा; त्याचे नाव शेजारच्या घरात, वर्गातल्या हजेरीत ऐकू येणारे होते. मुलांनी हातात आलेल्या वस्तूतून ओळखीचे तेवढे उचलले. तेवढाच पर्याय त्यांच्याकडे होता.

१४/
पार्लर हे तालमीसारखेच शिकण्याचे ठिकाण होते. नियमांचे पुस्तक नव्हते. ज्याच्याकडे टोकन होते तो खेळे आणि टोकन नसलेले पाच-सहा जण मागे उभे राहून पाहत. अवघड डाव कोणत्या क्रमाने बटणे दाबून निघतो, कोणता बॉस कधी वाकतो, हे ज्ञान मागच्या रांगेत हस्तांतरित होई. एकाच टोकनावर शेवटपर्यंत जाणारा दादा हा त्या खोलीचा वस्ताद असे. तो नुसता जिंकत नसे. बघ्यांना दाखवून जिंकत असे. गरज नसताना घेतलेली उडी, अंगाला चाटून गेलेला फटका आणि मागून उठलेली दाद. स्टाइलचा जन्म या दादेतून होतो. बघे नसतील तर सफाईला कारण उरत नाही.

१५/
कायद्याची नजर येथेही आली. भारतीय कायद्यात जुगार आणि खेळ यांच्यामधील रेघ कौशल्याने आखली जाते. मुंबईचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. व्हिडिओ गेम कोणत्या बाजूला? १९९५ मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पार्लरवरील पोलीस परवान्याची सक्ती वैध ठरवली. यंत्रात फेरफार करून कौशल्यापेक्षा नशिबाला वाव दिला जाऊ शकतो, हा त्यामागील एक मुद्दा होता. महाराष्ट्रात व्हिडिओ गेमवर करमणूक शुल्कही लागू झाले. भीक, जुगार, करमणूक : रिंगणातल्या कौशल्याला कायद्याने दिलेली ही तीन नावे.

१६/
मग रिंगणच मोडले. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या ‘फॅमिकॉम’च्या नकला नव्वदच्या दशकात भारतीय घरांत पोहोचल्या : ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी. ‘९९९९९९ इन १’ असे छापलेली कॅसेट टाकली की ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’ दिवाणखान्यात. पुढे सायबर कॅफे आले, घरोघरी संगणक आला, मोबाइल आला. पार्लरच्या जागी झेरॉक्सची आणि रिचार्जची दुकाने दिसू लागली. खेळणाऱ्याच्या मागे आता कोणी उभे नव्हते.

१७/
नेमक्या याच वळणावर २००१ मध्ये ‘डेव्हिल मे क्राय’ आला. दिग्दर्शक हिदेकी कामिया. मुळात तो ‘रेसिडेंट ईव्हिल’चा पुढचा भाग म्हणून सुरू झालेला प्रकल्प होता; वाटेत त्याचे रूप इतके बदलले की वेगळा गेम झाला. त्यात लढताना पडद्याच्या कडेला एक इंग्रजी अक्षर झळकते : ‘डी’पासून चढत ‘एस’पर्यंत. तोच फटका पुन्हा मारला तर अक्षर चढत नाही. विविधता, वेग आणि सफाई दाखवली तर चढते. ‘स्टायलिश अ‍ॅक्शन’ हे नाव या गेमपासून रूढ झाले.

१८/
हे अक्षर म्हणजे काय, याचा विचार पार्लरच्या संदर्भात केला तर अर्थ लागतो. खेळाडू आता बंद खोलीत एकटा आहे. त्याने उगाच सुंदर उडी का मारावी? मागून दाद देणारे कोणी नाही. म्हणून ती दाद यंत्राच्या आत बसवावी लागली. ‘एस’ हे अक्षर म्हणजे मागे उभ्या असलेल्या पाच-सहा मुलांचे गणिती रूप आहे. हा प्रकार पार्लरची आठवण जागवतो तो जुन्या संगीतामुळे किंवा चित्रांमुळे कमी; हरवलेला बघ्या परत मिळाल्यामुळे अधिक.

१९/
‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमध्ये घडवला, तो एका आजाराचे नाव म्हणून. घरापासून दूर गेलेल्यांना जडणारी, अन्न नकोसे करणारी व्याधी. त्या काळी तिचा संबंध जागेशी होता. पुढे तो काळाशी जोडला गेला. जागेकडे परतता येते, काळाकडे येत नाही. पार्लरच्या बाबतीत दोन्ही वाटा बंद आहेत : बालपण गेले आणि खोलीही गेली. उरतो तो हाताच्या बोटांत साठलेला बटणांचा क्रम.

२०/
आणि आता पुणे. २०१७ मध्ये ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ हा छोटा स्टुडिओ येथे उभा राहिला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. लोकवर्गणीचा प्रयत्न यशस्वी झाला नाही, तरी काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ प्रथम ‘निन्टेंडो स्विच’वर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमच्या नामांकनात तो होता. पार्लरमध्ये परक्या बोर्डावर मुस्तफा शोधणाऱ्या देशातून आलेला हा गेम होता.

२१/
‘राजी’ची नायिका राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. ती भिंतीवर धाव घेऊन झेपावते, खांबाला धरून गिरकी घेते आणि त्या गिरकीतूनच प्रहार करते. वास्तूंवर राजस्थानची छाया आहे, चित्रांवर पहाडी लघुचित्रांची, आणि कथा कळसूत्री सावल्यांतून पुढे सरकते. समीक्षकांनी दृश्यांना मोकळेपणाने दाद दिली. लढाई मात्र अनेकांना पुरेशी सफाईदार वाटली नाही. ही टीका गंभीर आहे, कारण या प्रकारात सफाई हेच भांडवल असते.

२२/
तरीही मराठी वाचकाला त्या खांबाभोवतीच्या गिरकीत मल्लखांब दिसल्याशिवाय राहत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, या गेमने नायिका म्हणून योद्ध्याची मुलगी किंवा राजकन्या निवडली नाही. खेळ करून पोट भरणारी मुलगी निवडली. चौकातील ज्या कोलांटीला १९५९ च्या कायद्याने भीक म्हटले, तीच कोलांटी येथे देवतेने शस्त्र देण्याइतकी पात्र ठरते. निर्मात्यांच्या मनात तो कायदा असण्याची आवश्यकता नाही. इतिहास असा आपोआपही कलाकृतीत उतरतो.

२३/
एक मर्यादा मात्र नोंदवायला हवी. ‘राजी’चा भारत हा पुराणातला, कालातीत भारत आहे. देशी गेमना प्राचीनतेची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. देव-असुरांचे युद्ध जगात कुठेही समजते आणि विकते. पण लहुजींची तालीम, कर्नाळ्याच्या पायथ्याचा मुलगा, त्याचे रामोशी साथीदार, शस्त्रबंदी, पळस्पेचा दरोडा हा सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा इतिहास आहे. त्यात नायक हरतो, साथीदार मारले जातात आणि त्यांच्या पिढ्यांवर शिक्का बसतो. अशा कथेत सफाईने मारलेल्या प्रत्येक फटक्याची किंमत कोणी चुकवली, हेही दाखवावे लागेल. तो गेम अजून कोणी तरी करायचा आहे.

२४/
शेवटचा मुद्दा जतनाचा. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी ‘मामे’ हा प्रोग्राम सुरू केला. त्यामुळे हजारो आर्केड बोर्डांतील गेम आज संगणकावर चालू शकतात. ‘मुस्तफा’ त्या अर्थाने सुरक्षित आहे. पण ‘मामे’ बोर्ड जपतो, रिंगण जपत नाही. पार्लरचे भाडे किती, टोकन कशाचे, बोर्ड कोठून येत, मुली आत येऊ शकत होत्या का, दादा कोण होता, वडिलांनी कान धरून बाहेर कसे काढले, हे कोणत्याही फाइलमध्ये नाही. सरकारी दप्तरात उरले ते शुल्क आणि परवाने.

२५/
फडके यांच्या आयुष्याचे तपशील बऱ्याच अंशी टिकले, ते सरकारने त्यांच्यावर खटला चालवला म्हणून. त्यांच्याबरोबर तालमीत घाम गाळणाऱ्या इतर मुलांची नावे गेली, कारण त्यांच्यावर कागद तयार झाला नाही. पार्लरमधील मुले अजून हयात आहेत. चाळिशीच्या आसपास आहेत, नोकऱ्या करतात, कोणाच्या तरी घरी थोरले भाऊ, ताई, मामा आहेत. त्यांना विचारा. गावाचे नाव, पार्लरची जागा, वर्ष, टोकनाची किंमत आणि ‘मुस्तफा’त सर्वांत पुढे कोण जात असे, एवढ्या पाच ओळी लिहून ठेवा. तारीख घाला. उद्याच्या अभ्यासकाला सुरुवात करायला तेवढे पुरेल.